उजवा कापूर

नोकरीची सगळी वर्षं मी एक काम मन लावून केलं. नळीतून जाताना उजेड किती वळतो, ते मोजलं. आणि ती सगळी वर्षं लोक मला एकच प्रश्न विचारत राहिले, "बाई, तुम्ही चष्म्याचा नंबर काढता का?"

सुरुवातीला मी समजावून सांगायची. पुढं पुढं वाटायला लागलं, नंबर काढायला शिकले असते तर चार माणसांना उपयोग तरी झाला असता.

उस्मानाबादच्या कॉलेजात सायन्सचे वर्ग नुकतेच निघाले होते, तेव्हा मी तिथं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. (आता पुन्हा धाराशिव झालंय. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मधल्या काळातही दुसरं नाव तोंडात घेतलं नव्हतं, त्यामुळं त्यांना बदल करावा लागला नाही.) डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे, प्राध्यापकांनी फळ्यावर जे घडतं म्हणून सांगितलं ते टेबलावर का घडत नाही, याचा जाब ज्याला विचारतात तो माणूस. मुलं मला 'डेमोबाई' म्हणत. मी हैदराबादला शिकलेली, नवीकोरी, आणि प्रयोगशाळेत पदर खोचून फिरणारी, म्हणून काही दिवस मीच गावात बघण्याची वस्तू होते. मग ते यंत्र आलं आणि माझी सुटका झाली.

हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा सरकारी सामानाच्या वाटण्या झाल्या होत्या. कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेचं सामान फिरत फिरत आमच्या वाट्याला आलं. एका खोक्यात, गवतात गुंडाळलेलं, लांबट पितळी यंत्र होतं. आमच्या प्राचार्यांनी ते खिडकीवर टेकवलं, टेकडीकडं रोखलं, डोळा लावला, बराच वेळ काही दिसलं नाही, तेव्हा म्हणाले, "दुर्बीण आहे. बिघडलेली."

मी म्हटलं, "सर, हा पोलॅरिमीटर आहे."

"असेल," ते म्हणाले, "पण दुर्बीण म्हणून नोंद झाली."

मी निवृत्त होईपर्यंत ती तशीच होती.

यंत्राचं काम सांगते, फार अवघड नाही. उजेड म्हणजे थरथर. साधा उजेड सगळ्या बाजूंनी थरथरतो. उभा, आडवा, तिरका. आता खिडकीच्या उभ्या गजांतून एक दोरी ओवा आणि टोक धरून हलवा. पलीकडं फक्त उभी लाट जाईल, आडवी लाट गजांवर आपटून तिथंच मरेल. पोलॅरिमीटरच्या एका तोंडाशी स्फटिक असतो, तो या गजांचं काम करतो. पुढं काचेची नळी, तिच्यात द्रावण. दुसऱ्या टोकाला आणखी एक स्फटिक, म्हणजे गजांची दुसरी खिडकी. ही फिरवता येते. नळीत नुसतं पाणी असलं, तर दोन्ही खिडक्यांचे गज जुळले की उजेड सरळ पार. पण पाण्यात साखर विरघळवली, की उभी निघालेली लाट साखरेतून जाता जाता पीळ खाते आणि तिरकी होऊन बाहेर पडते. मग दुसरी खिडकीही तेवढीच तिरकी करायची. ती उजवीकडं फिरवावी लागली की डावीकडं, आणि किती अंश, हे बाजूच्या पितळी चकतीवर वाचायचं. डोळा लावल्यावर एक गोल दिसतो, मधोमध मोडलेल्या भाकरीसारखा. एक अर्धी उजळ, एक काळपट. दोन्ही सारख्या धूसर झाल्या की हात थांबवायचा. माझी सगळी विद्या एवढीच. पण हात नेमका कुठं थांबवायचा, हे डोळ्याला कळायला महिने लागतात.

याला उजेडही एकाच रंगाचा लागतो. मोठ्या ठिकाणी त्यासाठी खास दिवे असतात. आमच्याकडं स्पिरिटचा दिवा होता आणि मीठ होतं. वातीवर मीठ चोळलं की ज्योत पिवळीधमक होते. भर दुपारी काळे पडदे लावायचे आणि त्या एका पिवळ्या उजेडात बसायचं. त्यात दुसरा कुठलाच रंग दिसत नाही. माणसांचे चेहरे राखेचे होतात, ओठ काळे पडतात. पहिल्या दिवशी आत डोकावलेले इतिहासाचे सर "कुणी गेलं का?" असं विचारून हळूच निघून गेले होते.

आमचे प्राचार्य नळदुर्गचे जावई. सासुरवाडीला गेले की ते यंत्राच्या गोष्टी सांगत. त्यातूनच माझी दोन कायमची गिऱ्हाइकं आली.

नळदुर्गला हमरस्त्यावर, ट्रका थांबतात त्या अंगाला, हुसेनभाई अत्तारांचं दुकान होतं. अत्तर, जडीबुटी, मध, कापूर असला माल. लागूनच बसअप्पांचं पूजासामानाचं दुकान. मधे एकच भिंत. हुसेनभाई किडकिडीत, पांढरी दाढी, बोलणं गोड. बसअप्पा अंगानं भारी, कपाळावर भस्माचे पट्टे, तापले की कानडीत शिरायचे. दोघं रोज भांडायचे आणि रोज एकाच किटलीतला चहा घ्यायचे. पोलीस ॲक्शनच्या वाईट दिवसांत बसअप्पांनी हुसेनभाईंच्या दुकानाला स्वतःचं कुलूप ठोकलं होतं आणि स्वतः फळीवर बसून राहिले होते. हे मला दोघांनीही सांगितलं नाही, प्राचार्यांकडून कळलं.

पहिल्या खेपेला ते एकाच गाडीनं, एकाच बाकावर बसून आले. हुसेनभाईंच्या हातात मधाची बाटली.

"बेटी, हे बोलतात, मेरे शहद में गुड़ का पानी है."

"म्या कुठं म्हणलो?" बसअप्पा म्हणाले. "गिऱ्हाइक म्हणालं. म्या फकस्त मान हलीवली."

गुळाचं, साखरेचं पाणी उजेड उजवीकडं वळवतं. मध डावीकडं वळवतो. मी मध विरघळवून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला, कारण ताज्या द्रावणाचा आकडा सरकत राहतो. दोघं मुक्काम करून पुन्हा हजर. चकती डावीकडं गेली.

"डावीकडं?" हुसेनभाईंचा चेहरा उतरला. "मतलब खराब?"

"नाही भाई, मधानं डावीकडंच जायचं असतं. तुमचा मध चोख आहे."

"डावं म्हंजे चांगलं?" बसअप्पांना हे पटेना. "ह्ये कसलं शास्त्र म्हनायचं, अक्का?"

हुसेनभाईंनी मात्र यंत्राला हात लावून तो छातीला लावला. "मशीन में ईमान है," म्हणाले. जाताना वर्गातल्या पोरांना बोटबोट मध चाटवून गेले.

खरं सांगायचं तर यंत्राला फसवता येतं. साखरेच्या पाकात लिंबू पिळून उकळलं, की तो पाकही डावीकडं वळवायला लागतो. हे मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बाई, हे परीक्षेत विचारा, पण नळदुर्गात बोलू नका."

त्यानंतर गमतीजमती पुष्कळ झाल्या. जळकोटचा एक माणूस तूप घेऊन आला. एक बाई नवऱ्याच्या दोस्तानं दिलेली साखर घेऊन आली, त्यात काही मंतरलेलं आहे का बघा म्हणून. साखर उजवीकडं वळली, जशी साखर वळते. "काही नाही," मी म्हटलं. "मग माझा मालक माझ्याशी बोलत का न्हाय?" ती म्हणाली. त्याचा अंश माझ्या चकतीवर नव्हता.

मग कापराचं प्रकरण आलं. त्या खेपेला दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी आले.

बसअप्पा आधी पोचले. बसले नाहीत. गावातल्या महादेवाच्या देवळाला कापूर ते पुरवत, आणि कापूर ते घेत हुसेनभाईंकडून. वर्षानुवर्षं तसंच चाललेलं. त्या श्रावणात आरतीच्या वेळी देवळातले म्हातारे पुजारी अय्या नाक वर करून म्हणाले होते, "याला रंगाच्या डब्याचा वास येतोय." पंचांनी बसअप्पांकडं बघितलं. बसअप्पांनी, तापलेल्या डोक्यानं, हुसेनभाईंचं नाव सांगितलं. आणि मग गावात एक वाक्य फिरायला लागलं, की अत्तारानं देवाला नकली कापूर घातला. वाक्य लहान होतं. पण ते ज्या माणसाबद्दल होतं त्याचं नाव हुसेन होतं, आणि पोलीस ॲक्शनचे दिवस अजून फार जुने झालेले नव्हते. ट्रकवाले सोडून दुकानात कुणी येईना.

"तुमी फकस्त लिहून द्या, नकली हाय म्हणून," बसअप्पा म्हणाले. "माजं नाव देवळात खराब झालंय. आन ह्यो बघा असली." त्यांनी दुसरी पुडी काढली. देवळासाठी सोलापूरहून मुद्दाम जास्त भावानं आणलेला कापूर होता तो.

तेवढ्यात हुसेनभाई दारात आले. बसअप्पांकडं न बघता माझ्यापुढं पुडी ठेवली. "बेटी, मशीन जो बोलेगी, मेरेकू मंजूर."

कापराचं सांगायचं राहिलं. झाडापासून काढलेला कापूर उजेड उजवीकडं वळवतो, आणि चांगला वळवतो. स्पिरिटमध्ये ठरलेल्या मापानं विरघळवला, तर आमच्या लांब नळीत जवळजवळ नऊ अंश. नवशिक्या डोळ्यालाही फरक कळतो.

मी हुसेनभाईंचा कापूर तोलला, विरघळवला, नळी भरली, बुडबुडा वरच्या फुगीर भागात सरकवला. हुसेनभाई म्हणाले, "ढक्कन कस के लगाओ." मी म्हटलं, "नको भाई, फार आवळलं तर काचेवर ताण येतो आणि मग काचच उजेड वळवायला लागते." पडदे ओढले, दिवा लावला. डोळा लावला.

दोन्ही अर्ध्या सारख्या धूसर. चकती शून्यावर.

मी हलवून पाहिली, पुन्हा जुळवली. शून्य. दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. शून्य.

"वळत नाही," मी म्हटलं.

"बगा!" बसअप्पा म्हणाले. पण त्यांचा आवाज जिंकलेल्या माणसाचा नव्हता. हुसेनभाई स्टुलावर बसले. त्या पिवळ्या उजेडात त्यांचा चेहरा मला बघवेना.

"आता तुमचा," मी बसअप्पांना म्हटलं, आणि सोलापूरचा कापूर नळीत भरला.

शून्य.

मग हुसेनभाईंच्या दाढीत काहीतरी हललं. "बसअप्पा," ते म्हणाले, "तेरा असली भी मेरे नकली के सरीखा है." आणि हसायला लागले. बसअप्पांनी कानडीत शिवाचं नाव घेतलं आणि पुडी खिशात घातली.

मी साखरेचं पाणी भरून यंत्र तपासलं. यंत्र ठीक होतं. एवढ्यात प्राचार्य आले आणि सगळं ऐकून त्यांनी स्वतःच्या देवघरातला कापूर मागवला. त्यांच्या पत्नीनं 'अगदी अस्सल' म्हणून कुणाकडून तरी घेतला होता. तोही शून्य. प्राचार्य म्हणाले, "मला आता घरी जायचंय," पण गेले नाहीत.

मग मी तिघांना पायताणांची गोष्ट सांगितली.

"देवळाबाहेर चपलांचा ढीग असतो ना, अप्पा? उजव्या पायाची चप्पल आणि डाव्या पायाची चप्पल. चामडं तेच, टाके तेच, माप तेच. पण उजवी डाव्या पायात घालून चालता येतं का?"

"न्हाय."

"कापराच्या कणांतही असे उजवे आणि डावे असतात. झाड मोठं हट्टी. ते फक्त उजव्याच चपला करतं. त्या सगळ्या मिळून उजेडाला उजवीकडं वळवतात. कारखान्यात टर्पेंटाइनपासून, म्हणजे रंगात घालतात त्या तेलापासून, कापूर करतात. त्या रीतीत उजव्या-डाव्याचा धरबंद राहत नाही, दोन्ही सारख्याच निघतात. एक उजवीकडं ओढते, एक डावीकडं. उजेड मधल्यामधे सरळ जातो."

"म्हंजे नकली," बसअप्पा म्हणाले.

"नकली कसा? कापूरच आहे तो. तसाच जळतो, मागं राख ठेवत नाही, तेवढ्याच उष्णतेला वितळतो. टर्पेंटाइनचा वास थोडा राहिला असेल. अय्यांचं नाक खरं आहे. पण नकली म्हणून मी लिहून देणार नाही, कारण तो नकली नाही."

हुसेनभाई उठले. "बेटी, गुस्सा नक्को करो. एक बात पूछूं? तू बोलती, झाडाचा कापूर वळतो. पर इस मशीन में वळताना किसने देखा? शक्कर वळली, शहद वळला. कापूर तो अभी तक एक बी नहीं वळला."

बोलणं बिनतोड होतं. पुस्तकात नऊ अंश म्हणून लिहिलं होतं, पण माझ्या यंत्रात कुठल्याच कापरानं ते करून दाखवलं नव्हतं. "मला झाडाचा कापूर आणून द्या," मी म्हटलं. "वळला तर माझं खरं. नाही वळला तर मी नळदुर्गला येऊन चूक सांगेन."

मग जिल्ह्यात झाडाच्या कापराचा शोध सुरू झाला. वैद्यांकडचा आला, दर्ग्यातल्या खादिमांकडचा आला, एका निवृत्त तहसीलदारांनी चांदीच्या डबीतून पाठवला, आणि कुणाला सांगू नका म्हणून निरोपही पाठवला. सगळे शून्य. प्रत्येक पुडीबरोबर 'हा मात्र खात्रीचा' असं सांगणारा माणूस असे, आणि प्रत्येकाला परत पाठवताना मला वाटे, मी घरोघरच्या देवघरात जाऊन काहीतरी विझवून येतेय. हुसेनभाई सोलापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडं जाऊन विचारून आले. तो हसला म्हणे. "झाडाचा माल येणं कधीच बंद झालं, चाचा. तुम्ही विचारलं नाही, मी बोललो नाही."

दुकानांमधली भिंत तशीच होती. चहाच्या मात्र दोन किटल्या झाल्या, असं प्राचार्य सांगत.

एका सकाळी प्रयोगशाळेच्या दारात तिघं उभे. पुढं एक ठेंगणी, ठसठशीत कुंकवाची बाई, मागं बसअप्पा आणि हुसेनभाई, शाळेतून पकडून आणल्यासारखे. बाई बसअप्पांच्या पत्नी, नीलव्वा.

"ह्ये दोघं एका गाडीत बसत नव्हते," त्या म्हणाल्या. "म्या बसीवलं."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून पितळी डबी काढली. झाकण इतकं घट्ट की उलथण्याच्या टोकानं उघडावं लागलं. आत काळ्या मिऱ्यांमधे एक पांढरा खडा, लहान सुपारीएवढा. त्यांच्या लग्नातल्या शालूबरोबर ट्रंकेत ठेवलेला. कापूर उडून जाऊ नये म्हणून बायका मिरे घालतात, तसे घातलेले. दरवर्षी खडा लहान होत गेला होता, पण होता.

"ह्यो माज्या वडलांनी घेतलेला," त्या म्हणाल्या. "कुनाकडनं घेतलेला, त्ये इचारा ह्येनला."

बसअप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, "हुसेनच्या अब्बांकडनं."

हुसेनभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली.

मी म्हटलं, "काकू, हा विरघळवावा लागेल. सगळाच लागेल."

"म्हनूनच आनलाय की."

खडा तोलला. हा फुकट गेला तर दुसरा मिळणार नव्हता. मिऱ्याची भुकटी झटकली, स्पिरिटमध्ये विरघळवला, गाळून घेतला, नळी भरली. पडदे ओढून दिवा लावला, तर नीलव्वा एकदम ओरडल्या. "अय्यो! माजं कुंकू!"

यंत्राच्या पितळेत त्यांनी स्वतःला बघितलं होतं. कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसत होतं. बसअप्पाही घाबरले. मी पळत जाऊन पडदा उघडला. "बघा, लाल आहे. जिथल्या तिथं आहे. या दिव्यात लाल रंगच नाही, म्हणून काळं दिसतं." त्यांनी बोट लावून पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "लवकर करा मग."

पडदा पुन्हा ओढला. डोळा लावला.

भाकरीची एक अर्धी उजळ होती आणि दुसरी काळी.

मी चकती उजवीकडं फिरवायला लागले. फिरवत गेले. एक, दोन, पाच. अंधार हळूहळू विरत होता. सात. आठ. दोन्ही अर्ध्या जवळ आल्या, सारख्या झाल्या आणि मी हात थांबवला. नऊला थोडासा कमी.

"वळला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "उजवीकडं. नऊ अंश, जरासा कमी."

नीलव्वांनी मला बाजूला केलं आणि स्वतः डोळा लावला. मग बसअप्पांनी. शेवटी हुसेनभाईंना बसवलं. मी चकती शून्यावर आणून दिली आणि म्हटलं, "तुम्हीच फिरवा, भाई." त्यांनी दोन बोटांनी, अत्तराची कुपी उघडावी तशी, चकती फिरवली. फार वेळ लावला. थांबले तिथं मी वाचलं. आकडा तोच.

"अब्बा का माल है," ते म्हणाले. डोळा यंत्रालाच होता, बाहेर काढत नव्हते.

बसअप्पांनी घसा खाकरला. "हुसेन, म्या देवळात तुजं नाव घ्याया नको हुतं."

"हौ. नक्को था."

"आता काय सांगू तितं?"

हुसेनभाई आता वळले. "जो मशीन बोली, वो बोल."

पुढचं मी बघितलं नाही, प्राचार्य सासुरवाडीला होते त्यांनी सांगितलं. सोमवारच्या आरतीनंतर बसअप्पा देवळाच्या पायरीवर उभे राहिले. आधी त्यांनी स्वतःच्या सोलापुरी कापराची गोष्ट सांगितली, जास्त भाव देऊन कसे फसले तीही, आणि लोकांना हसू दिलं. मग म्हणाले, बाजारात सगळीकडं कारखान्याचाच कापूर आहे, हुसेनकडंही तोच, माझ्याकडंही तोच, प्राचार्यांच्या देवघरातही तोच. (हे सांगताना प्राचार्यांचा चेहरा थोडा पडला.) झाडाचा एकच खडा सापडला आणि तो हुसेनच्या बापानं विकलेला होता. अय्यांनी विचारलं, "म्हंजे माजं नाक खरं ठरलं का न्हाई?" बसअप्पा म्हणाले, "व्हय." अय्या म्हणाले, "मग बास." आणि प्रसाद वाटायला लागले.

इकडं त्या दिवशी प्रयोगशाळेत नीलव्वा उठायला तयार नव्हत्या. "माजा खडा द्या."

बसअप्पा म्हणाले, "अगं, त्याचं पानी झालंय."

"पानी का करीना, माजा हाय."

यात मात्र रसायनशास्त्र माझ्या बाजूनं होतं. स्पिरिटमधल्या कापरावर भरपूर थंड पाणी ओतलं, की त्याला विरघळून राहायला जागा उरत नाही. मी द्रावण भांड्यात घेतलं आणि पाणी घातलं. स्वच्छ पाण्यात एकदम पांढरा भुगा तरंगायला लागला. गाळला, टिपकागदात दाबून कोरडा केला. खड्याचा चुरा झाला होता, पण वास खोलीभर दरवळला.

नीलव्वांनी चुऱ्याचे दोन भाग केले. एक डबीत, नव्या मिऱ्यांसह. दुसरा कागदात बांधून हुसेनभाईंपुढं धरला.

"भाभी, ये तुमच्या शादी का है."

"माल तुमच्या घरचा हाय. ठिवा दुकानात."

परतीच्या गाडीत तिघं एका बाकावर बसले. नीलव्वा मधे.

एक गोष्ट मात्र मला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिली. हुसेनभाई पूर्वी रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला हाक मारताना 'खानदानी माल' म्हणायचे. बापापासून चालत आलेली हाक होती ती. कापराच्या बाबतीत त्यांनी तो शब्द सोडून दिला. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच सोडला. मी त्यांना म्हटलंही, "भाई, तुमचा माल खराब नाही हो." ते म्हणाले, "खराब नहीं, बेटी. पर खानदानी भी नहीं. देख लिया ना दोघांनी." माझ्या चकतीनं एका माणसाच्या तोंडातला शब्द काढून घेतला होता, आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडं दुसरा नव्हता.

पण ते व्यापारी माणूस होते. शब्दाविना दुकान चालत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पुढच्या वर्षी मी नळदुर्गला किल्ला बघायला मुलं घेऊन गेले होते. उतरल्या उतरल्या लांबूनच आवाज ऐकला. हुसेनभाई फळीवर उभे राहून एका ट्रकवाल्याला हाका मारत होते.

"सीधा कापूर लेके जाओ, सीधा कापूर! ना दाएँ वळता, ना बाएँ वळता! कॉलेज की मशीन में तपासला हुआ!"

गिऱ्हाइकांची गर्दी होती. सरळ माल म्हणजे चोख माल, एवढंच लोक समजत होते, आणि तपासायला गेलं तर त्या वाक्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

भिंतीपलीकडून बसअप्पांनी मला बघितलं आणि हात जोडले. "अक्का, काय करून ठिवलं ह्ये? कालपास्नं माज्याकडं बी लोक सीधा कापूर मागायलेत. माजा बी तसलाच की! पन आता म्या सांगितलं तर कोन ऐकतंय?"

"भाईंकडून घ्या की," मी म्हटलं.

"घेतोच की," बसअप्पा म्हणाले, आणि दोघांच्या त्याच एका किटलीतून तीन कप चहा ओतला.